लोणावळ्यात गाडी चोरीला गेली तर पहिला प्रश्न एकच असतो : चावी कुणाकडे होती?

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी लायन्स पॉइंटला गेलात तर धुक्यासोबत आणखी एक गोष्ट हमखास दिसते, ती म्हणजे मुंबई-पुण्याहून आलेल्या भारी गाड्या. एखादी मस्टँग, एखादी पोर्शे आणि बाजूला उभं राहून सेल्फी काढणारी पोरं. एवढी गाडी घेणारा माणूस अलार्म, ट्रॅकर, कॅमेरा सगळ्यावर खर्च करतो. आणि मग दुपारी रिसॉर्टच्या दारात चावी एका अनोळखी मुलाच्या हातात ठेवून जेवायला निघून जातो.

गाडी गेली की पोलीस, विमा कंपनी आणि वेळ पडली तर ग्राहक आयोग, सगळे फिरून चावीवरच येतात. ती कुणाकडे होती, कशी दिली, दुसरी कुठे आहे? गाडी साधी असो की कोटीची, पैसे मिळणार की नाही हे बऱ्याचदा याच उत्तरांवर ठरतं.

'ओनर्स रिस्क' लिहिलं की विषय संपला?

मावळात पार्किंगच्या पावतीवर एक ओळ बहुतेक ठिकाणी असते : पार्किंग ॲट ओनर्स रिस्क. म्हणजे गाडीला काही झालं तर आम्ही जबाबदार नाही. ही ओळ वाचून आपण गप्प बसतो. पण कायदा इतका सरळ नाही.

१९९८ मध्ये दिल्लीतल्या ताज महाल हॉटेलमध्ये एक पाहुणा मारुती झेन घेऊन गेला. गाडी आणि चावी त्याने व्हॅलेकडे दिली. परत आला तेव्हा कळलं की दुसराच कुणीतरी गाडी घेऊन गेलाय. हॉटेलने पावतीवरच्या 'ओनर्स रिस्क'कडे बोट दाखवलं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १४ नोव्हेंबर २०१९ ला निकाल हॉटेलच्या विरोधात लागला.

कोर्टाचं म्हणणं सोप्या भाषेत सांगायचं तर असं : तुम्ही चावी घेतली म्हणजे गाडी सांभाळायची जबाबदारी घेतली. ती गेली तर आपण पुरेशी काळजी घेतली होती हे हॉटेलने दाखवायचं. स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटका करून घ्यायला पावतीवरची एक ओळ पुरत नाही.

पण यात एक मेख आहे. तो निकाल चावी हॉटेलच्या ताब्यात दिल्याचा होता. पवना धरणाजवळ कॅम्पिंगला गेलात, शेतात स्वतः गाडी लावली आणि चावी खिशात ठेवली, तर तुमची बाजू तेवढी भक्कम राहत नाही. तिथे तुम्ही गाडी सांभाळायला दिलेली नसते, फक्त जागा वापरलेली असते.

म्हणून व्हॅलेला चावी देताना पावती घ्या, तिचा फोटो काढा. गाडीत व्हॅले मोड असेल तर तो चालू करा. अनेक महागड्या गाड्यांत तो असतो आणि त्यात वेगावर मर्यादा येते किंवा डिकी बंद राहते. घराची चावी त्याच जुडग्यात असेल तर ती आधी काढून घ्या.

चावी खिशात असूनही गाडी कशी जाते?

कीलेस गाडीला चावी जवळ आहे की नाही हे रेडिओ सिग्नलवरून कळतं. चोर याचाच फायदा घेतात. एकजण चावीजवळ यंत्र घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीजवळ. सिग्नल एका यंत्रातून दुसऱ्यात जातो आणि चावी शेजारीच आहे असं समजून गाडी उघडते. याला रिले अटॅक म्हणतात. जर्मनीतली वाहनचालकांची संघटना एडॅक अशा गाड्यांच्या चाचण्या बरीच वर्षं घेतेय आणि त्यात नामांकित कंपन्यांच्या गाड्याही उघडल्या आहेत.

आता भाड्याने घेतलेला बंगला आठवा. गाडी पोर्चमध्ये आणि चावी दारालगतच्या टेबलावर. रिले अटॅकसाठी याहून सोयीची मांडणी नाही.

उपाय स्वस्त आहे. सिग्नल अडवणारं पाऊच घ्या, त्याला फॅराडे पाऊच म्हणतात. चावी त्यात टाका, गाडीजवळ जा आणि हँडल ओढून बघा. दार उघडलं तर पाऊच कुचकामी आहे. गाडीत पिन टाकल्याशिवाय इंजिन सुरू न होण्याची सोय असेल तर तीही चालू ठेवा.

दुसरी युक्ती जॅमरची. गर्दीच्या पार्किंगमध्ये तुम्ही रिमोट दाबता, पण जॅमरमुळे सिग्नल गाडीपर्यंत पोचतच नाही आणि दार उघडंच राहतं. म्हणून रिमोट दाबल्यावर हँडल एकदा ओढून बघायचं. दोन सेकंदांचं काम आहे.

अख्खी गाडी नको, बॅग पुरते

चोराला प्रत्येक वेळी गाडी हवीच असते असं नाही. सीटवरची लॅपटॉप बॅग दिसली की काच फोडायला क्षणभर पुरतो. सॉफ्ट टॉप गाडीला तर एक ब्लेड पुरेसं आहे. भुशी डॅमला किंवा लोहगडाच्या पायथ्याला गाडी लावून माणूस दोन-तीन तास फिरकणार नाही, हे बघणाऱ्यालाही माहीत असतं.

बॅग डिकीत ठेवायची तर ती निघण्याआधी घरीच ठेवा. पार्किंगमध्ये उतरून ठेवलीत तर बघणाऱ्याला आयता पत्ता मिळतो. आणि नंबर प्लेट दिसणारा रील, लोकेशन टाकून, तिथूनच पोस्ट करू नका. घरी पोचल्यावर टाका, लाइक्स तेवढेच येतात.

विमा काय देतो, काय देत नाही?

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर फुटलेल्या काचेचे पैसे मिळतात, पण क्लेममुळे नो क्लेम बोनस जाऊ शकतो. गाडीतला लॅपटॉप किंवा कॅमेरा साध्या पॉलिसीत येत नाही, त्यासाठी वेगळं ॲड-ऑन लागतं. बाहेरून बसवलेले अलॉय व्हील्स किंवा म्युझिक सिस्टीम पॉलिसीत नोंदवलेली नसेल तर तिचे पैसे मिळणं कठीण.

अख्खी गाडी गेली तर आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत ठरलेली किंमत मिळते. बिलावरची किंमत हवी असेल तर 'रिटर्न टू इनव्हॉइस' ॲड-ऑन लागतं. क्लेमच्या वेळी कंपनी दोन्ही चाव्या मागते. दुसरी चावी ग्लोव्ह बॉक्समध्ये असेल तर गाडीसोबत तीही गेली आणि उत्तर देणं तुमच्यावर आलं.

चावी गाडीतच राहिली तर? २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर असंच एका ट्रकचं प्रकरण आलं होतं. चालक चावी सोडून खाली उतरला आणि ट्रक गेला. कंपनीने क्लेम नाकारला होता, कोर्टाने ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. म्हणजे चूक झाली तरी सगळं बुडतंच असं नाही, पण पाव हिस्सा गेला आणि त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली ती वेगळीच.

चोरी झालीच तर?

आधी ११२ वर फोन करा. मग हद्दीच्या वादात अडकू नका. लोणावळा, कामशेत, वडगाव मावळ पुणे ग्रामीण पोलिसांकडे येतात, तर तळेगाव दाभाडे पिंपरी-चिंचवडकडे. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असली तरी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या.

फास्टॅगचे मेसेज बघत राहा. टॅग काढून टाकला नसेल तर एक्सप्रेस वेवर खालापूर किंवा तळेगाव, जुन्या हायवेवर वरसोली किंवा सोमाटणे टोलला गाडी कुठल्या दिशेने गेली ते कळतं. ट्रॅकरवर गाडी दिसली तर स्वतः मागे जाऊ नका, लोकेशन पोलिसांना द्या.

विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. पोलिसांत तक्रार लगेच दिली असेल तर कंपनीला उशिरा कळवलं एवढ्याच कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२० मध्ये सांगितलंय. पण तो वाद ओढवून घ्यायचाच कशाला?

पुढच्या रविवारी लोणावळ्याला निघाल तेव्हा दुसरी चावी घरी ठेवा आणि पहिली कुणाच्या हातात देताय ते एकदा बघून घ्या.