मोजमाप आपले, मग किल्ली दुसऱ्याची का?

कपाशीत गुलाबी बोंडअळीच्या पाहणीसाठी कामगंध सापळे लावावेत आणि सलग तीन रात्री प्रति सापळा आठ पतंग आढळल्यास उपाययोजना करावी, हा सल्ला आपण सर्वच देतो. सापळ्यातील ल्युरमध्ये गॉसिप्ल्युर असते. ते दोन अत्यंत मिळत्याजुळत्या रसायनांचे जवळजवळ समप्रमाणातील मिश्रण होय. हे प्रमाण बिघडले तर पतंग कमी सापडतात आणि शेतात कीड नाही, असा घातक गैरसमज होतो. प्रमाणाची तपासणी गॅस क्रोमॅटोग्राफवर होते व तिची मूळ नोंद संगणकाच्या फाइलमध्ये राहते.

काही वर्षांपूर्वी एका हंगामात सापळे रिकामे असल्याच्या तक्रारी आल्या. जुन्या ल्युरशी तुलना करावी म्हणून आम्ही आधीच्या फाइली काढल्या, तेव्हा उपकरणाचा संगणक बंद पडलेला होता. सॉफ्टवेअरचा परवाना त्याच संगणकाशी जखडलेला. नवी आवृत्ती जुन्या फाइली उघडेना. हाती उरले ते छापील आलेख. अखेर एका मुक्तस्रोत सॉफ्टवेअरने त्या फाइली वाचल्या; परंतु तोवर फवारणीच्या निर्णयाची वेळ निघून गेली होती.

अशा फाइली वाचणारी साधने आज उपलब्ध आहेत. क्रोमॅटोग्राफीसाठी ओपनक्रोम, तर मास स्पेक्ट्रोमीटरच्या फाइलींचे एमझेडएमएल या खुल्या स्वरूपात रूपांतर करण्यासाठी प्रोटिओविझार्ड वापरता येते. मात्र त्यांवर सर्व भार टाकणे योग्य नाही. अनेक कंपन्यांच्या फाइली वाचताना प्रोटिओविझार्डला त्या कंपन्यांनीच दिलेल्या, केवळ विंडोजवर चालणाऱ्या घटकांचा आधार घ्यावा लागतो. म्हणजे कुलूप उघडते, पण किल्ली दुसऱ्याकडेच राहते. शिवाय रूपांतरात एखादी नोंद गळू शकते. म्हणून काही नमुने मूळ सॉफ्टवेअरशी पडताळून पाहणे आणि मूळ फाइलही जपणे आवश्यक आहे.

माझ्या मते खरा उपाय खरेदीच्या वेळीच आहे. निविदेत एक अट असावी: संपूर्ण मूळ विदा नेटसीडीएफ, एमझेडएमएल किंवा सीएसव्ही अशा खुल्या स्वरूपात, अतिरिक्त शुल्काविना मिळाली पाहिजे. केंद्र शासनाच्या 2012 च्या विदा सहभाग धोरणातही यंत्रवाचनीय स्वरूपाचा आग्रह आहे. सार्वजनिक निधीतून घेतलेले मोजमाप एका परवान्यावर अवलंबून राहणे उचित नाही.

विस्तार कार्यकर्ते व प्रगतिशील शेतकरी यांनाही हे लागू पडते. शेतातील तापमान-आर्द्रतेच्या डेटा लॉगरमधील नोंदी दर आठवड्याला सीएसव्ही स्वरूपात उतरवून घ्याव्यात. सोबत उपकरणाचा क्रमांक, एकक, ठिकाण आणि घड्याळ बरोबर लावल्याची तारीख लिहावी. किडीच्या पिढीचा अंदाज अशाच नोंदींवर बांधला जातो. दहा वर्षांनंतर दुसऱ्या कोणाला वाचता येईल, तीच नोंद खऱ्या अर्थाने आपली.