गाठ दिसली म्हणजे कॅन्सर नव्हे!

आमच्या शनिशिंगणापुरात घरांना दारं नसतात, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण बाईच्या पोटातल्या दुखण्याला मात्र इथेही कुलूपच!

बचत गटातली एक मैत्रीण मध्यंतरी सोनोग्राफीचा कागद घेऊन आली. वय चौतीस. अंडाशयात पाच सेंटिमीटरची गाठ. "ताई, पुढं कॅन्सर होईल म्हणाले, पिशवीच काढून टाका." ऑपरेशनसाठी उसने पैसेही आणून ठेवलेले!

मला शेजारचा बीड जिल्हा आठवला. २०१९ साली तिथल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार महिलांची पाहणी झाली. त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे साधारण सहा जणींत एक! कित्येकींना कॅन्सरचीच भीती घातली होती, असं तेव्हा उघड झालं.

मैत्रिणींनो, दर महिन्याला बीज तयार होताना अंडाशयात पाण्याची छोटी पिशवी होतेच. कधी ती मोठी होते आणि दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरते. पाळी चालू असलेल्या बायकांमधल्या बहुतेक गाठी साध्याच असतात.

मग धोक्याची गाठ ओळखायची कशी? बेल्जियमचे डॉ. टिमरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली सोनोग्राफीचे सोपे नियम मांडले. पाण्याने भरलेली एकच पोकळी, गुळगुळीत भिंत, आत रक्तप्रवाह नाही, ही साध्या गाठीची लक्षणं. वेडीवाकडी घट्ट गाठ, आत चार किंवा जास्त कोंब, भरपूर रक्तप्रवाह, पोटात पाणी, ही धोक्याची. चित्र स्पष्ट नसेल तर अनुभवी तज्ज्ञाकडून पुन्हा तपासून घ्यायचं. नुसत्या सीए-१२५ या रक्ततपासणीवर घाबरू नये. क्षयरोगातही तो आकडा वाढतो.

पण म्हणून दुर्लक्षही नको. भारतीय स्त्रियांमध्ये स्तन आणि गर्भाशयमुखानंतर अंडाशयाच्या कॅन्सरचा नंबर लागतो. पोट सतत फुगतंय, दोन घासांत भरतंय, ओटीपोट दुखतंय, लघवीला वारंवार जावं लागतंय, असं दोन-तीन आठवडे चाललं तर 'गॅस झालाय' म्हणून ओवा खात बसू नका. विशेषतः पाळी गेलेल्या बायकांनी तर नाहीच. मात्र तक्रार नसताना दरवर्षी सोनोग्राफी करण्याचीही गरज नाही. ब्रिटनमध्ये दोन लाख स्त्रियांच्या अभ्यासात त्याने मृत्यू कमी झाले नाहीत, असं २०२१ मध्ये दिसलं.

माझ्या मैत्रिणीला आम्ही दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेलं. गाठ साधी, पाण्याची निघाली. तीन महिन्यांनी पाहिलं तर ती विरली होती. उसने पैसे परत गेले.

म्हणून कागद हातात पडला की विचारा: गाठ पाण्याची की घट्ट? आत कोंब आहेत का? रक्तप्रवाह किती? गाठ अंडाशयात आहे, मग गर्भाशय कशासाठी काढायचं? अंडाशय लवकर गेलं तर हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. आणि गाठ खरोखर संशयाची असेल तर वेळ न घालवता कॅन्सरतज्ज्ञाकडेच जा.

विचारायला लाजू नका. शरीर आपलं आहे, बायांनो!