मेसचं ताट आणि मुलींची ‘जीवनशैली’

तरुण वयात रक्तातली साखर वाढली की डॉक्टरांपासून घरच्यांपर्यंत सगळे एकाच शब्दावर बोट ठेवतात : जीवनशैली. विद्यापीठात शिकणाऱ्या मुलींबाबत तर हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. बाहेरचं खातात, जागतात, चालत नाहीत. पण ही शैली त्यांनी निवडली आहे का, हे कोणी विचारत नाही.

आधी थोडं शास्त्र समजून घेऊ. एखाद्या पदार्थाने रक्तातली साखर किती चढते हे सांगणारा ‘ग्लायसेमिक निर्देशांक’ टोरंटो विद्यापीठातील डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली मांडला. ग्लुकोजचा १०० धरतात. ५५ पर्यंतचा कमी, ७० आणि त्यापुढचा जास्त. पांढरा भात, उकडलेला बटाटा, पाव हे साधारण सत्तरीच्या पुढे. हरभरा, राजमा, मसूर पस्तिशीच्या आत. भातासोबत घट्ट वरण, उसळ, भाजी असली तर साखर सावकाश चढते.

आता मुलींच्या वसतिगृहातलं ताट पाहा. कामानिमित्त मी अशा बऱ्याच मेसमध्ये जेवले आहे. सकाळी बटाटेपोहे. दुपारी भात, पाण्यासारखं वरण, बटाट्याचा रस्सा. रात्री पुन्हा तेच. उसळ आठवड्यातून एकदा, दह्याला जादा पैसे. प्रॅक्टिकल लांबलं की मेस बंद, मग वडापाव किंवा चहा-बिस्किटं. खोलीत शेगडी सापडली तर दंड. जेवणानंतर चाललं तर साखर कमी चढते, पण मुलींचं गेट लवकर बंद होतं आणि संध्याकाळी मैदान मुलांच्या ताब्यात असतं. यात निवड कुठे आली?

हा प्रश्न फक्त जाड मुलींचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासाने २०२३ मध्ये दिला. पोट भरणारं पण पोसणारं नसलेलं एकच ताट दोन्हीकडे ढकलतं. मुलींना मात्र सांगितलं जातं, ‘वजन सांभाळ, लग्न व्हायचंय, उद्या आई व्हायचंय.’ तिचं शरीर आज तिचं आहे, ते तिच्यासाठीच निरोगी राहायला हवं, हे कोण म्हणणार?

जेवणाचा प्रश्न सामूहिक आहे, हे विद्यार्थ्यांनी आधीच दाखवलं आहे. २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतल्या मेसऐवजी खात्यात पैसे जमा करण्याचा निर्णय सरकारने घेतला, तेव्हा त्याविरुद्ध विद्यार्थी-विद्यार्थिनी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. रोख रक्कम हातात आली की घरची निकड आधी भागवली जाते आणि ताट मागे पडतं, हे त्यांना ठाऊक होतं.

मैत्रिणींनो, आपल्या गटांनी आहाराचे तक्ते वाटून थांबू नये. मेस समितीत मुलींना निम्म्या जागा, रोज एक उसळ आणि दही, भाताला भाकरीचा पर्याय, उशिरा येणारीसाठी झाकून ठेवलेलं ताट, आणि मैदानावर मुलींची राखीव वेळ. एवढ्या मागण्या घेऊन जवळच्या वसतिगृहात जाऊ या. हे मिळाल्यावरही कोणी वडापाव खाल्ला, तर ती तिची निवड म्हणता येईल.