अक्षरं पाडणारं यंत्र

स्वतःची भाषा बनवायची हौस असलेली माणसं जगात बरीच आहेत, आणि त्यात आमच्या धंद्यातली मंडळी काही कमी नाहीत. आम्ही पहिलं काम काय करणार? प्रोग्राम लिहिणार! २० व्यंजनं, ५ स्वर आणि एक रँडम फंक्शन, दहा ओळींत खेळ खल्लास. 'का', 'मे', 'टो' छापाची १०० अक्षरं मिळतात, दोन-दोन जोडली की १०,००० शब्द. अक्षराच्या शेवटी एखादं व्यंजन चालेल अशी मुभा दिली, तर अक्षरं २,१०० आणि दोन अक्षरी शब्द थेट ४४ लाखांवर. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत शब्द आहेत ६०,००० च्या आसपास. म्हणजे झाली की भाषा?

मला नाही वाटत. रँडम फंक्शनला सगळी अक्षरं सारखीच. भाषेला मात्र आवडीनिवडी असतात. मराठीत ळ आणि ण भरपूर, पण त्यांनी सुरू होणारा रोजच्या वापरातला एक शब्द सांगा बरं! 'माझा' आणि 'माझी' मोठ्याने म्हणून बघा. लिहिताना झ एकच, पण पहिल्यात जीभ दातांपाशी जाते, दुसऱ्यात टाळूकडे. शेजारचा स्वर बदलला की व्यंजनही बदलतं. सुटी अक्षरं पाडणाऱ्या प्रोग्रामला या शेजारधर्माची खबरच नसते.

कोणी म्हणेल, मग हे नियमही कोडमध्ये घाला की. जरूर घाला! १९८७ साली सुरू झालेल्या लोज्बान भाषेत तेच केलं. चिनी, हिंदी, इंग्रजी, रशियन, स्पॅनिश आणि अरबी शब्द घेतले, बोलणाऱ्यांच्या संख्येनुसार त्यांना वजनं दिली, आणि १,३५० च्या आसपास मूळ शब्दांपैकी बहुतेक प्रोग्रामने जुळवले. निळ्याला तिथे 'ब्लानु' म्हणतात. चिनी 'लान' आणि इंग्रजी 'ब्लू' दोन्ही त्यात सापडतात. पण कुठल्या सहा भाषा आणि वजन कशाचं, हे ठरवलं माणसांनीच.

उलट उदाहरण 'बाहुबली'तल्या (२०१५) कालकेयांच्या किलिकी भाषेचं. ती रचणारे मदन कार्की गीतकार तर आहेतच, शिवाय कॉम्प्युटर सायन्समधले डॉक्टरेट. त्यांनी 'मी'साठी 'मिन' घेतला आणि तोच उलटा करून 'तू'साठी 'निम'. रँडम फंक्शनमधून 'मिन' पडेल, 'निम'ही पडेल. पण हे दोघं समोरासमोर उभे करायचे, हे कोणाला तरी सुचावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की प्रोग्रामने ढीग पाडावा, निवडायचं आपण. एका वेळी २०० शब्द काढा, मोठ्याने वाचा (घरचे हसतील, हसू द्या), आणि कानाला खटकलेले खोडा. मग खोडलेल्यांची यादी नीट बघा. ते का खटकले याचं उत्तर म्हणजेच तुमच्या भाषेचा नियम. तो कोडमध्ये घाला आणि पुन्हा चालवा. चार-पाच फेऱ्यांत त्या ढिगाला एक सूर यायला लागतो.

आता तर एआयला सांगितलं की व्याकरणासकट भाषा मिनिटाभरात हजर. वेळ वाचतो, कबूल. पण हौसेच्या कामात वेळ वाचवून करायचं काय? एकही शब्द आपण नाकारला नसेल, तर ती भाषा आपली कशावरून म्हणायची?

बघा, पटतंय का.