रंगभवन बंद, हळद चालू

लग्नसराईत शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या गावात हळदीच्या रात्री गेलं, तर मांडवाच्या कडेला बेंजो पार्टी हमखास भेटते. बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोल-ताशे आणि भोवती नाचणारं गाव. गाण्यांची यादी आधी ठरवून कुणी येत नाही. नवऱ्याचे मित्र दमले की मास्टर चाल बदलतो, बायका नाचायला उतरल्या की कोळीगीत धरतो. एका गाण्यातून दुसऱ्यात कधी शिरला ते कळतही नाही. मुंबईतली पोरं तासाच्या भाड्याने खोली घेऊन जे जॅमिंग करतात, ते इथे वऱ्हाडासमोर, रोख सुपारी घेऊन चालतं.

रॉकवाल्यांना ही तुलना रुचणार नाही. पण पाठीशी कंपनी नसताना गावोगाव वाजवून ज्याने आपले चाहते जमवले तो स्वतंत्र बँड, एवढं मान्य असेल, तर ग्रामीण ठाण्यातले स्वतंत्र बँड हेच. वाद्यही काही कमी फिरलेलं नाही. बेंजो म्हणजे विजेवर चढवलेला बुलबुलतरंग आणि त्याचा पूर्वज ताइशोगोतो, 1912 मध्ये जपानच्या नागोयात जन्मलेला.

मुंबईच्या रॉकची कथा वेगळी. 1986 मध्ये फरहाद वाडियांनी 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू केला आणि धोबीतलावचं खुलं रंगभवन त्याचं घर झालं. रॉक मशीनसारख्या बँडांचा तो काळ. पुढे 2000 चे ध्वनिप्रदूषण नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या भोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला. रंगभवनाच्या शेजारी कॉलेजही होतं, रुग्णालयही. तिथल्या मैफली थांबल्या. महोत्सव नंतर इतरत्र भरला, पण ते घर गेलं ते गेलंच. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, हा नियम हळदीलाही लागू आहे, पोलिसांची गाडी तिथेही येते. फरक इतकाच की एका मांडवातला आवाज बंद झाला, तरी उद्या पलीकडच्या पाड्यावर दुसरा मांडव असतो.

अमेरिकेत 'ग्रेटफुल डेड' हा बँड गावोगाव वाजवण्याच्या याच वाटेने मोठा झाला. 1965 पासून हा बँड सतत दौऱ्यावर, आणि अमेरिकेच्या पहिल्या दहा गाण्यांत त्याचं गाणं पोचलं ते थेट 1987 मध्ये. 1984 पासून तर मैफल ध्वनिमुद्रित करणाऱ्या श्रोत्यांना त्यांनी वेगळी जागाच दिली. त्या टेपा हातोहात फिरल्या. आपल्याकडे वऱ्हाडी मोबाइलवर चित्रण करून यूट्यूबवर टाकतात आणि पुढची सुपारी त्यातून येते.

बेंजो पार्ट्यांची खोट एकच, पण मोठी: स्वतःची गाणी फार थोडी. सिनेमाची गाणी आणि गाजलेली कोळीगीतं यांवर हंगाम निघतो, शिवाय डीजे स्वस्तात तेच वाजवतो. नेमकी इथे शहरी बँडांना जागा आहे. 'अभंग रिपोस्ट'सारखा बँड गिटार-ड्रम्सवर अभंग गातो. ते शब्द इथल्या भजनी मंडळांना तोंडपाठ आहेत. असे बँड कसारा लोकलने आसनगावला का उतरत नाहीत? फुकटच्या 'जनजागृती'साठी नव्हे, चोख सुपारी ठरवून.

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची यात्रा भरते. गुरांच्या बाजारासाठी लांबलांबून माणसं येतात. तिथे एका बँडने बेंजो पार्टीसोबत एक रात्र वाजवून पाहावं. तुळशीचं लग्न लागलं की पार्ट्यांच्या तारखा भरत जातात, तेव्हा बोलणी दिवाळीतच उरकावी लागतील.