‘बाकीच्यां’तले सांगलीचे हजारे

वाईत क्रिकेटच्या गप्पा निघाल्या की कुणीतरी म्हणतंच, पूर्वी खेळात धर्मबिर्म नव्हता. साफ खोटं! मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत संघच धर्मावर पाडलेले असत: हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन. आणि उरलेल्यांचा ‘दि रेस्ट’, म्हणजे बाकीचे.

१९४३ चा अंतिम सामना घ्या. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. बाकीचे १३३ त आटोपले. दुसऱ्या डावात त्यांच्या ३८७ झाल्या, त्यांतल्या ३०९ एकट्या विजय हजारेंच्या. भाऊ विवेकबरोबर ३०० ची भागी, त्यात विवेकच्या फक्त २१! तरीही डावाने हार.

हजारे सांगलीत जन्मलेले, मराठी, धर्माने ख्रिस्ती. म्हणून ‘बाकीचे’. हा विक्रम सांगणारे संघाचं नाव मात्र सोयीने गिळतात. गांधीजींनी १९४० सालीच या सामन्यांना विरोध केला होता. ते बंद पडले १९४६ मध्ये.

गेली कित्येक वर्षं मी उर्दूबरोबर मराठी शिकवतो. अजून लोक विचारतात, “सर, तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?” कौतुकानेच विचारतात. मला त्यात ‘दि रेस्ट’ ऐकू येतं.