पुढे काय वाचू?

‘पुढे काय वाचू?’ या प्रश्नाइतका दिसावयास निरुपद्रवी आणि ऐकणाऱ्याची सबंध सायंकाळ जप्त करणारा दुसरा प्रश्न माझ्या पाहण्यात नाही. गेल्या आठवड्यात तो आमच्या शेजारच्या सेवानिवृत्त अव्वल कारकुनांनी केला. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ पुन्हा एकवार संपवून ते आले होते, आणि महसूल खात्यात हयात घालविलेल्या गृहस्थास शोभेल अशा तत्परतेने, मी एखादे नाव उच्चारावे तो त्यावर शेरा मारून ते प्रकरण निकालात काढीत होते.

मी विश्राम बेडेकरांचे ‘रणांगण’ (१९३९) सुचविले. “फारच लहान, दुपारीच संपेल.” व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५)? “अहो, असल्या गावांत निम्मी नोकरी काढली, आता पुन्हा तिकडे बदली नको.” नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३)? “त्या पांडुरंग सांगवीकराच्या तऱ्हा ऐकून आहे. आमचा धाकटा तसाच आहे. घरात एक पुरे.” अखेरीस उद्धव शेळक्यांच्या ‘धग’चे नाव काढले, तेव्हा त्यांनी सावधपणे विचारले, “शेवट दुःखाचा आहे काय?” आरंभही दुःखाचाच आहे, असे मी प्रामाणिकपणे सांगितल्यावर तोही अर्ज नामंजूर झाला.

वस्तुतः या गृहस्थांना नवी कादंबरी नकोच होती. ‘मृत्युंजय’ प्रथम वाचली त्या वेळचे आपले वय आणि अज्ञान त्यांना परत हवे होते, आणि ते देण्याचा अधिकार कोणत्याही प्रकाशकाजवळ नाही. सुचविणाऱ्याचीही बाजू फारशी निर्मळ नसते. ‘ययाति’चे नाव घेणारा काय किंवा ‘वासूनाका’चे घेणारा काय, पुस्तकाच्या आडून आपल्याच अभिरुचीची जाहीर द्वाही फिरवीत असतो, मीही ‘रणांगण’ सर्वांत आधी उच्चारले, ते काही केवळ परोपकारबुद्धीने नव्हे.

निःस्वार्थ शिफारस मला एकाच ठिकाणी आढळली आहे, ती म्हणजे सार्वजनिक वाचनालयातील पुस्तकांच्या समासात. तेथे नाव नाही, प्रतिष्ठा नाही, उलट पकडले गेल्यास दंडाची तरतूद आहे. आणि तरीही कोणी अनामिक वाचक पेन्सिलीने ‘येथून पुढे सावकाश वाचा’ असा इशारा देऊन जातो, तर कोणी पानभर पसरलेल्या निसर्गवर्णनाशेजारी ‘हे सोडले तरी चालेल’ अशी निरोपाची सूट देऊन ठेवतो. आमच्या वाचनालयातील ‘रणांगण’च्या जीर्ण प्रतीत, युरोपातून निघालेली बोट मुंबईस लागते त्या सुमारास एका वाचकाने कळवळून लिहिले आहे, ‘चक्रधराने हर्टाला उतरवून घ्यावयास हवे होते.’ त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात, शाईने: ‘आणि सरकारी परवाना?’ त्याखाली तिसऱ्याने, ठळक अक्षरांत: ‘दोघांनीही पुस्तक खराब करू नये.’

स्वतःची कोरी प्रत कपाटात असताना मी हीच प्रत वरचेवर घरी आणतो आणि मुदत उलटल्याचा दंडही खुशीने भरतो. कारण परवान्याचा मुद्दा काढणाऱ्या त्या गृहस्थाला कोणी तरी सडेतोड उत्तर देणे अगत्याचे आहे, आणि तिसऱ्याच्या ताकिदीखाली अद्याप दोन बोटे जागा शिल्लक आहे.